‘हंप’वरचा हिशेब : टन किती, माणसे किती

१ ऑगस्ट १९४५. आसामच्या चहामळ्यांना खेटून बांधलेल्या धावपट्ट्यांवरून मालवाहू विमाने उडत होती आणि पूर्वेचे डोंगर ओलांडून चीनमध्ये उतरत होती. चोवीस तासांत १,११८ फेऱ्या झाल्या. सरासरी काढली तर साधारण सव्वा मिनिटाला एक. माल गेला ५,३२७ टन आणि दिवसभरात एकही अपघात झाला नाही.

याच मार्गाची दोन वर्षांपूर्वीची नोंद पाहावी. जून ते डिसेंबर १९४३ या सात महिन्यांत १५५ मोठे अपघात झाले आणि १६८ कर्मचारी मृत्युमुखी पडले. तेव्हा वाहतूक १९४५ च्या मानाने किरकोळ होती.

माल कित्येक पटींनी वाढला, तरी अपघातांचे प्रमाण घसरले. हे कसे घडले, याचा हा दीर्घ धागा. हवाई मालवाहतुकीच्या व्यवसायात उत्पादकता, सुरक्षितता आणि सुशासन हे शब्द आज अहवालांत शेजारी शेजारी छापले जातात. त्यांचा परस्परसंबंध पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तपासला गेला तो भारताच्या ईशान्य कोपऱ्यात, आणि त्याची किंमत माणसांनी मोजली.

पार्श्वभूमी थोडक्यात. जपानशी लढणाऱ्या चीनला बाहेरून रसद मिळण्याचा शेवटचा मोठा मार्ग म्हणजे ब्रह्मदेशातून जाणारा बर्मा रोड. एप्रिल १९४२ च्या अखेरीस लाशिओ जपान्यांच्या हाती गेले आणि तो मार्ग तुटला. चीन युद्धात टिकला तर जपानचे लाखो सैनिक तिथे अडकून राहतील, हे अमेरिकेचे गणित होते. म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी चँग कै-शेक यांना शब्द दिला की जमिनीवरून नाही तर आकाशातून, पण रसद येत राहील. लाशिओ पडण्यापूर्वीच, ८ एप्रिल १९४२ रोजी, लेफ्टनंट कर्नल विल्यम ओल्ड यांनी या मार्गावरचे पहिले लष्करी उड्डाण केले होते. त्यातला माल होता विमानाचे इंधन.

वाचकांनी नकाशा उघडून पाहावा. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात दिब्रुगड, तिनसुकिया, जोरहाट या टापूत छाबुआ, दिनजान, मोहनबाडी, सुकेराटिंग असे तळ होते. तिथून युनान प्रांतातील कुनमिंगपर्यंतचे अंतर सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूर रस्त्याइतके. पण विमान खोऱ्यातून उठले की लगेच दहा हजार फुटांचा पटकाई. त्यामागे चिंदविनचे खोरे, मग कुमोनची रांग, इरावतीच्या दोन शाखा, साल्वीन, आणि साल्वीन व मेकाँग यांच्यामध्ये पंधरा हजार फुटांची भिंत. या भिंतीलाच वैमानिकांनी ‘हंप’ म्हटले. मराठीत म्हणायचे तर वशिंड. पुढे सगळ्या मार्गालाच ते नाव पडले. ताशी शंभर मैलांहून वेगाचे वारे, पावसाळ्यात महिनोन्‌महिने ढगांचे छत, पंखांवर जमणारा बर्फ आणि खाली न संपणारे अरण्य. नकाशेही भरवशाचे नव्हते.

माल आसामपर्यंत पोहोचवणे हीच मुळात एक मोहीम होती. जपानी धोक्यामुळे सुरुवातीला कोलकाता बंदर सुरक्षित मानले जात नव्हते. अमेरिकेहून आलेली सामग्री कराची आणि मुंबईला उतरे, रेल्वेने अख्खा देश ओलांडे, पुढे मीटरगेजवर चढे आणि ब्रह्मपुत्रेवरच्या फेरीबोटीतून पलीकडे जाई. पुढे कोलकाता बंदर वापरात आले, तेही १९४३ च्या बंगालमध्ये, जिथे त्याच वर्षी लाखो माणसे भुकेने मरत होती. लष्करी सामग्रीच्या मासिक तक्त्यांत त्या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

आणि धावपट्ट्या? त्या बांधल्या चहामळ्यांच्या मजुरांनी. इंडियन टी असोसिएशनने लष्करी रस्त्यांसाठी आणि विमानतळांसाठी मळ्यांतून माणसे पुरवली. दगड फोडणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. पलीकडे चीनमध्ये हजारो शेतकरी दगडी रूळ दोरांनी ओढत धावपट्ट्या सपाट करत होते. हंपवरची बहुतेक पुस्तके विमान उडाल्यावर सुरू होतात. ही माणसे त्याआधीच्या पानांतली आहेत, म्हणून ती सहसा दिसत नाहीत.

पहिले काही महिने परिणाम केविलवाणा होता. १९४२ च्या उन्हाळ्यात महिन्याला शंभर टनांच्या आसपासच माल जाई. (टन इथे अमेरिकी, म्हणजे सुमारे ९०७ किलोचा.) त्याच वेळी त्याच आकाशात चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशन ही नागरी कंपनी उडत होती. चीनचे सरकार आणि पॅन अमेरिकन यांची ती भागीदारी. तिची विमाने थोडी, पण वैमानिक मुरलेले आणि देखभाल चोख. दर विमानामागे तिची कामगिरी लष्करापेक्षा सरस ठरत होती आणि ही तुलना वरिष्ठांना टोचत होती. १ डिसेंबर १९४२ रोजी हंपची जबाबदारी अमेरिकी हवाई दलाच्या एअर ट्रान्सपोर्ट कमांडकडे देण्यात आली. लढाऊ सेनापतींच्या हाताखाली मालवाहतूक दुय्यम राहते. ती वाहतूक हेच काम असलेल्या संघटनेकडे असावी, हा त्यामागचा विचार होता. प्रशासनाच्या दृष्टीने या मोहिमेतला हा पहिला शहाणा निर्णय.

दुसरा निर्णय मात्र घातक ठरला. मे १९४३ मध्ये रूझवेल्ट यांनी उद्दिष्ट ठरवून दिले: जुलैमध्ये ७,००० टन, सप्टेंबरपासून दरमहा १०,००० टन. त्यासाठी सी-४६ कमांडो हे नवे मोठे विमान पाठवले गेले. कारखान्यातून ते जवळजवळ थेट हंपवर आले होते. त्याच्या इंधननळ्या गळत आणि त्यात शेकडो दुरुस्त्या बाकी होत्या. वैमानिकांपैकी अनेक जण नुकतेच प्रशिक्षण संपवून आलेले, एक इंजिनाच्या विमानापलीकडे फारसा अनुभव नसलेले. विमान नवखे, वैमानिक नवखे, मार्ग जगातला सर्वांत कठीण, आणि वर टनांचा आकडा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून आलेला.

उद्दिष्ट गाठण्यासाठी थॉमस हार्डिन यांना आणले गेले. हे विमान कंपनीत मुरलेले, कडक आणि अथक गृहस्थ. त्यांनी रात्रीची उड्डाणे सुरू केली. त्यांच्या कारकिर्दीशी जोडलेला एक आदेश पुढे दंतकथा झाला: हंपवर हवामान नावाची गोष्ट अस्तित्वात नाही. म्हणजे हवामानाच्या कारणाने उड्डाण थांबणार नाही. डिसेंबर १९४३ मध्ये आकडा १२,००० टनांच्या पुढे गेला आणि वचन पुरे झाले. या तुकडीला प्रेसिडेन्शियल युनिट सायटेशन हा सन्मान मिळाला. प्रत्यक्ष लढाईत नसलेल्या तुकडीला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. १५५ अपघातांचे आणि १६८ मृत्यूंचे सात महिने ते हेच. मोजमाप टनांचे होते, म्हणून बक्षीसही टनांनाच मिळाले.

हार्डिन यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ते स्वतः हंपवर उडत होते आणि त्यांना मिळालेला आदेश स्पष्ट होता. दोष त्या मोजपट्टीचा होता. तिच्यावर एकच खूण होती.

अपघात म्हणजे नेमके काय, याची कल्पना जगाला एका प्रसंगाने आली. २ ऑगस्ट १९४३ रोजी एका सी-४६ चे इंजिन बिघडले आणि सगळ्यांनी नागा टेकड्यांवर उड्या टाकल्या. त्यांत सीबीएसचे वार्ताहर एरिक सेव्हराइड आणि मुत्सद्दी जॉन पेटन डेव्हिस होते. सहवैमानिक मरण पावला. जखमींसाठी लष्करी डॉक्टर डॉन फ्लिकिंजर यांनी दोन साहाय्यकांसह तिथेच पॅराशूटने उडी घेतली. नागा गावकऱ्यांनी आसरा दिला, आणि मोकोकचुंगहून आलेले ब्रिटिश अधिकारी फिलिप अ‍ॅडम्स नागा सोबत्यांसह त्यांना पायी बाहेर घेऊन गेले. यानंतरच्या काही महिन्यांत छाबुआला शोध-बचावासाठी स्वतंत्र पथक उभे राहिले. जिथे रोज विमाने पडत होती तिथे अशा पथकासाठी १९४३ च्या शरद ऋतूपर्यंत थांबावे लागले, हेही त्या काळच्या प्राधान्यक्रमाबद्दल बरेच सांगून जाते.

सप्टेंबर १९४४ मध्ये सूत्रे विल्यम टनर यांच्याकडे आली. वय ३८, वेस्ट पॉइंटचे पदवीधर, स्वभाव थंड. हाताखालची माणसे त्यांना ‘विली द व्हिप’ म्हणत, म्हणजे चाबूकवाला विली. त्यांना काम दुहेरी दिले होते: टन वाढवा आणि अपघात कमी करा. बहुतेकांना हे परस्परविरोधी वाटत होते. टनर यांना तसे वाटले नाही, आणि या सबंध कथेचा कणा इथे आहे. त्यांच्या लेखी पडलेले विमान म्हणजे उद्याच्या, परवाच्या आणि पुढच्या सहा महिन्यांच्या फेऱ्या बुडणे. अपघात हा टनांच्या विरुद्ध बाजूचा खर्च नव्हता, तो टनांतूनच वजा होत होता.

त्यांनी आधी थकवा शोधून काढला. नियम असा होता की ६५० तास उड्डाण झाले की वैमानिक मायदेशी. नियम दयाळू दिसतो. परिणाम उलटा झाला. घरी जाण्याच्या ओढीने पोरे महिन्याला १६५ तासांपर्यंत उडत आणि चार महिन्यांत कोटा संपवत. जे दमलेले होते ते उडत होते, आणि जे शिकून तयार झाले ते निघून जात होते. टनर यांनी मर्यादा ७५० तासांवर नेली आणि जोडीला अट घातली: किमान एक वर्ष इथे राहावे लागेल. म्हणजे महिन्याला सरासरी साठ-बासष्ट तासच, घाई करून काहीच हाती लागणार नाही. वैमानिक संतापले. वरवर पाहता ही शिक्षाच होती. पण झोप मिळू लागली आणि अनुभवी माणसे टिकू लागली.

मग देखभाल. आधीची पद्धत अशी की एका विमानामागे एक कारागीर आणि त्याच्या मदतनिसांनी सगळे पाहायचे, जमेल तसे आणि जमेल तेव्हा. टनर यांनी एका तळावर शक्यतो एकाच जातीची विमाने ठेवली आणि दुरुस्तीची साखळी बसवली. विमान ओढत एका थांब्यावरून दुसऱ्यावर न्यायचे. एका थांब्यावर धुणे, एका ठिकाणी इंजिन, एका ठिकाणी विद्युतयंत्रणा. प्रत्येक टोळी आपल्या कामात तरबेज. मोटारींच्या कारखान्यातली जुळणीची रांग आसामच्या चिखलात उभी राहिली. सुटे भाग, हत्यारे, तेलपाणी एका ठिकाणी आले. वापराविना उभ्या असलेल्या विमानांची संख्या घटली. नवे विमान न मागता जुन्याच ताफ्यातून अधिक तास मिळाले.

बाकीचे उपाय त्याहून साधे. प्रत्येक अपघाताची चौकशी करून कारण नोंदवायचे. हवामान खरोखर वाईट असेल तर विमान उडणार नाही. ‘हवामान अस्तित्वात नाही’ हा मंत्र संपला. नव्यांना अनुभवी वैमानिकाने तपासल्याशिवाय मार्गावर सोडायचे नाही. डासांवर विमानांतून डीडीटी फवारले गेले, कारण मलेरियाने अंथरुणाला खिळलेला कारागीर हाही उत्पादकतेचाच प्रश्न होता. (डीडीटीचे पुढचे परिणाम तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.) जोडीला रोजची दाढी, स्वच्छ गणवेश, कवायत. यावर तर सैनिकांचा राग अधिकच. एका तळावर इंधनाची पिंपे विमानात चढवायला हत्ती कामाला होता. या सगळ्यावर नजर होती हुगळीकाठी रिसरा येथील हेस्टिंग्ज ज्यूट मिलमधून. तागाच्या त्या गिरणीत मुख्यालय होते, आणि टनर यांचा दिवस आलेखांसमोर सुरू होई. फरक एवढाच की आता टनांच्या आलेखाशेजारी दर हजार उड्डाणतासांमागील अपघातांचा आलेखही लावलेला होता.

जानेवारी १९४४ मध्ये हजार तासांमागे जवळजवळ दोन मोठे अपघात होत. १९४५ च्या उन्हाळ्यात हे प्रमाण ०.४ च्याही खाली आले. ऑगस्ट १९४४ मध्ये २३,००० टनांच्या आसपास असलेली वाहतूक जुलै १९४५ मध्ये ७१,०४२ टनांवर गेली.

सगळे श्रेय टनर यांच्या कारभाराला द्यायचे का? नाही. त्यांच्या आगमनाच्या आधीच, ३ ऑगस्ट १९४४ रोजी, मित्कीना हे उत्तर ब्रह्मदेशातले शहर जपान्यांकडून घेतले गेले होते. त्यामुळे शत्रूच्या लढाऊ विमानांचा धोका जवळपास संपला आणि दक्षिणेकडचा, कमी उंचीचा मार्ग खुला झाला. चार इंजिनांची सी-५४ स्कायमास्टर ही विमाने हंपच्या उंच भागावरून जाऊ शकत नव्हती. त्यांना हा मार्ग मिळाला आणि ती अधिक वजन घेऊन उडू लागली. विमाने वाढली, माणसे वाढली. इतिहासात व्यवस्थापकांच्या यशोगाथा लिहिताना असे पायदळाने जिंकलेले शहर बऱ्याचदा गाळले जाते. मात्र नुसती विमाने वाढली असती तर नुकसानही त्याच पटीत वाढायला हवे होते. ते वाढले नाही, आणि तिथे कारभाराचा वाटा उरतो. निसर्गापुढे तोही कधी कधी तोकडा पडे. ६ जानेवारी १९४५ च्या रात्री आलेल्या वादळाने एका रात्रीत अनेक विमाने गिळली.

आता त्या प्रश्नाकडे, ज्याला आजच्या भाषेत शाश्वतता म्हणतात. विमानांतून नक्की जात काय होते? एअर ट्रान्सपोर्ट कमांडच्या हिशेबाप्रमाणे पूर्वेकडे नेलेल्या एकूण ६,८५,३०४ टनांपैकी ३,९२,३६२ टन हे पेट्रोल आणि तेल होते. अर्ध्याहून बरेच अधिक. इंधन जाळून इंधन न्यायचे, ते तिथल्या विमानांनी जाळायचे. सर्वांत टोकाचे उदाहरण बी-२९ या बाँबफेकी विमानांचे. खरगपूरजवळच्या तळांवरून ती चेंगडूला जात आणि तिथून जपानवर. आपले इंधन आणि बाँब त्यांनी स्वतःच हंपवरून वाहून न्यायचे होते. जपानवरच्या एका हल्ल्याइतका साठा जमवायला एका विमानाला हंपच्या अनेक खेपा कराव्या लागत. ही व्यवस्था टिकणारी नव्हती. १९४५ च्या आरंभी ती मोडीत काढून बी-२९ विमाने मारियाना बेटांवर हलवली गेली, जिथे जहाजाने इंधन येत होते. टनर यांची कार्यक्षमता फेरी स्वस्त आणि सुरक्षित करू शकत होती. ती फेरी मुळात करावी का, हे त्यांच्या अधिकारात नव्हते. माल कुणाला मिळावा यावरून स्टिलवेल आणि शेनॉल्ट हे दोन अमेरिकी सेनापती आणि चँग कै-शेक यांच्यात सतत ओढाताण चाले, आणि त्या भांडणाचा निकाल दर महिन्याला विमानांच्या पोटात भरला जाई.

तीन वर्षांनी टनर यांची पद्धत पुन्हा कामाला आली. जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि लोहमार्ग बंद केले. वीस लाखांहून अधिक माणसांना हवेतून जगवायचे होते. २६ जूनला अमेरिकी विमाने सुरू झाली. उत्साह भरपूर, व्यवस्था यथातथा. जुलैअखेरीस टनर पोहोचले. १३ ऑगस्ट, शुक्रवार. टेंपलहॉफवर ढग जमिनीला टेकलेले. एक विमान धावपट्टीच्या टोकाला कोसळून पेटले, दुसऱ्याचे टायर फुटले, तिसरे अर्धवट बांधलेल्या पट्टीवर उतरून गरगरले. वर डझनावारी विमाने एकावर एक घिरट्या घालत होती, आणि त्यांतल्या एकात स्वतः टनर होते. त्यांनी वरची सगळी विमाने मालासकट परत पाठवली.

त्यानंतरचा नियम प्रसिद्ध आहे. उतरण्याचा प्रयत्न एकदाच. तो चुकला तर दुसरी घिरटी नाही, माल घेऊन तळावर परत. भरलेले विमान परत पाठवणे हा कुठल्याही मालवाहतूकदाराला अपव्यय वाटेल. पण एकाची घिरटी मागच्या सगळ्यांना अडकवते. ठरावीक अंतराने एकामागे एक येणाऱ्या विमानांची माळ अखंड राहिली की त्या एका परतीची भरपाई तासाभरात होते. वैमानिकांनी बर्लिनमध्ये विमान सोडून जायचे नाही. चहा-नाश्ता, हवामानाची माहिती गाडीतून विमानापाशीच येई. १५-१६ एप्रिल १९४९ च्या चोवीस तासांत १,३९८ फेऱ्यांनी १२,९४१ टन माल उतरवला. तो जवळजवळ सगळा कोळसा होता. पुढच्याच महिन्यात, १२ मे रोजी, नाकेबंदी उठली.

बर्लिनमध्ये सारे जग पाहत होते. हंपची आठवण मात्र विस्कळीत राहिली. ढोबळ हिशेब असा: किमान ५९४ विमाने नष्ट, बेपत्ता किंवा निकामी, १,३१४ मृत, ३४५ बेपत्ता, सुमारे १,२०० जण वाचवले गेले किंवा चालत परत आले. मोहनबाडीची धावपट्टी आज दिब्रुगडचा विमानतळ आहे, छाबुआ भारतीय वायुसेनेचा तळ. अरुणाचलच्या डोंगरांत अजून अवशेष सापडतात, आणि २०२३ मध्ये पासीघाटला या मोहिमेचे संग्रहालय उघडले.

२५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून छाबुआकडे परतणारे एक बी-२४ विमान आठ जणांसह नाहीसे झाले. ते शेनॉल्ट यांच्या चौदाव्या हवाई दलाचे होते. लढाऊ दलाचे विमान, आपलीच रसद आणायला निघालेले, म्हणून वाहतूक कमांडच्या टन-तक्त्यांत ते मुळी येतच नाही. २००६ मध्ये अरुणाचलातल्या दामरोह गावाजवळ त्याचे अवशेष सापडले. पुढे शोधमोहिमा झाल्या, अस्थी अमेरिकेला गेल्या. त्या आठांपैकी एका तरुण अधिकाऱ्याची ओळख पटली आणि जून २०१७ मध्ये जॉर्जियातल्या त्याच्या गावी त्याचे दफन झाले. उरलेल्या सात जणांचे अवशेष अद्याप घरी पोहोचलेले नव्हते.